कासच्या पठारावरून तारे इतके स्वच्छ दिसतात, मग त्यांच्या जागा मोजायला दुर्बीण अवकाशात कशाला पाठवायची?

दिसणं वेगळं, मोजणं वेगळं. साताऱ्यात राजवाड्याजवळ उभं राहून अंगठा अजिंक्यताऱ्यासमोर धरा आणि एकेक डोळा मिटा. अंगठा किल्ल्यावरून सरकल्यासारखा वाटेल. ताऱ्याचं अंतरही असंच काढतात, फक्त दोन डोळ्यांऐवजी सहा महिन्यांच्या अंतराने पृथ्वीच्या कक्षेची दोन टोकं, म्हणजे साधारण ३० कोटी किलोमीटरचं अंतर.

अडचण अशी की हे सरकणं फारच किरकोळ असतं. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्झिमा, त्याचंही लंबन, म्हणजे या सरकण्याचा निम्मा कोन, एका अंशाच्या ३६०० व्या भागाहून कमी! आणि आपल्या डोक्यावरची हवा ताऱ्याला लुकलुकवते, प्रतिमा साधारण तेवढीच पसरवते. कासची हवा कितीही चांगली असली तरी हवाच ती.

म्हणून युरोपीय अवकाश संस्थेने १९८९ मध्ये हिप्पार्कोस हे यान पाठवलं. त्याने लाखभर तारे नेमके मोजले. मग डिसेंबर २०१३ मध्ये गाया गेलं, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर. दोन दुर्बिणी, १०६.५ अंशांच्या कोनात, यान स्वतःभोवती सहा तासांत एक फेरी मारणार आणि तेच तारे पुन्हापुन्हा टिपणार. अचूकता किती? साताऱ्यात बसून जयपुरातल्या माणसाच्या केसाची जाडी मोजण्याइतकी. (मला आमच्या गल्लीतला माणूस ओळखू येत नाही चष्म्याशिवाय.)

२०२२ च्या यादीत सुमारे १८० कोटी तारे आहेत. यान २०२५ मध्ये बंद केलं, पण माहितीवरचं काम अजून चालूच आहे.