दारात बाळ ठेवलंस, आता पुढे?

संहिता वाचली. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा पोरगा, दारात बाळ आणि खाली घरमालकीणबाई. पहिल्याच प्रयत्नात एवढं जमलं म्हणजे हात चांगला आहे. सुरुवातीला फक्त दोन-तीन गोष्टी सांभाळ.

कायद्याला बगल देऊ नकोस, तोच वापर. २०१५च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे सापडलेल्या बाळाची खबर २४ तासांत पोलीस, १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन किंवा बाल कल्याण समितीला द्यावी लागते. तुझा नायक महिनाभर बाळ लपवतो, तिथे प्रेक्षक हातचा जातो. सगळं एका रात्रीत बसव, ताण आयता मिळेल. आणि एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही, तेव्हा दत्तक घेण्याचा शेवटही पुन्हा बघ.

विनोद बाळातून नको, पोरातून काढ. रात्री अडीच वाजता एका हातात बाळ, दातात चमचा, आणि मोबाईलच्या उजेडात दुधाच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचणं चाललंय. इथे खुशाल दोन पानं घे. घरमालकीणबाई मध चाटवायला निघाल्या तर आणखी मजा, कारण वर्षाच्या आत मध द्यायचा नसतो. लंगोटाचा विनोद मात्र एकदाच!

शेजारची मुलगी आली की बाळ लगेच शांत, ही नवख्यांची ठरलेली चूक. तिलाही काही येत नसू दे. मग दोघांना एकत्र बसायला कारण मिळतं.

फ्लॅशबॅक आणि बाळाच्या आईची गोष्ट सध्या बाजूला ठेव. आधी ती रात्र लिहून पाठव.