नवरा सैन्यात, मला पोलीस व्हायचंय : परवानगी कुणाची लागते?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते. वय २७, शिक्षण पदवीपर्यंत. नवरा सैन्यात नाईक आहे, सध्या सीमेवर. चार वर्षांचा मुलगा आहे. मला पोलीस शिपाई भरतीचा अर्ज भरायचा आहे. सासूबाई म्हणतात, एका घरात दोन वर्द्या चालत नाहीत, त्याच्या युनिटची परवानगी लागेल. नवऱ्याची हरकत नाही, पण तो विचारतो की पुढे आपल्याला एका ठिकाणी बदली मिळेल का. जातीचा दाखला (कुणबी) माहेरच्या नावाने आहे. सेतू केंद्रात नॉन-क्रीमी लेयरसाठी नवऱ्याच्या पगाराची स्लिप मागितली. आणखी एक अडचण : गेल्या वर्षी बांधावरून चुलत सासऱ्यांशी भांडण झालं, त्यांनी पोलीस ठाण्यात एनसी दिली, त्यात माझंही नाव आहे. मैत्रीण म्हणते, अर्जात ते लिहूच नकोस, कोण बघतंय. काय करू?

उत्तर : ताई, सासूबाईंची शंका आधी मिटवू. लष्करातल्या माणसांसाठीचा कायदा (आर्मी ॲक्ट, १९५०) तुमच्या पतीला लागू आहे. तुम्ही गावी घरी राहता, तुम्हाला तो लागू नाही. तुमच्या नोकरीसाठी त्यांच्या कमांडिंग ऑफिसरची परवानगी लागत नाही आणि पतीचं संमतीपत्रही लागत नाही. दोन वर्द्यांबद्दलचा नियम कोणत्याही पुस्तकात नाही. सरकारी नोकरीत समान संधी हा राज्यघटनेच्या अनुच्छेद १६ ने तुम्हाला दिलेला हक्क आहे, आणि लग्न झालं म्हणून तो कमी होत नाही. परराष्ट्र सेवेत स्त्रीने लग्नाआधी लेखी परवानगी घ्यावी, असा नियम एकेकाळी होता. त्यावर १९७९ मध्ये सी. बी. मुथम्मा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कडक ताशेरे ओढले. अगदी अलीकडे, फेब्रुवारी २०२४ मध्ये, लग्न केलं म्हणून १९८८ साली सेवेतून काढलेल्या लष्करी परिचर्या सेवेतल्या एका महिला अधिकाऱ्याला याच न्यायालयाने ६० लाख रुपये भरपाई देववली. स्त्रीच्या लग्नावरून तिची नोकरी ठरवणारे नियम घटनेत बसत नाहीत, हे त्या निकालात स्पष्ट म्हटलं आहे.

पण याची दुसरी बाजूही ऐका. पती सैन्यात आहेत म्हणून तुम्हाला भरतीत वेगळी सवलतही मिळणार नाही. माजी सैनिकांच्या समांतर आरक्षणाचा (म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच राखून ठेवलेल्या जागांचा) रकाना बघून अनेक जवानांच्या पत्नी तिथे खूण करतात आणि कागदपत्र पडताळणीत बाद होतात. तुमचे पती सेवेत आहेत, माजी नाहीत; आणि ते निवृत्त झाले तरी माजी सैनिक ते असतील, तुम्ही नाही. तुमच्यासाठी आहे ते महिलांचं ३० टक्के समांतर आरक्षण आणि तुमचा इतर मागास प्रवर्ग. खुल्या गटाची वयोमर्यादा २८ असली तरी तुमच्या प्रवर्गाला ३३ पर्यंत मुभा आहे. त्यामुळे 'ही भरती गेली की संपलं' या घाईत कागद अर्धवट ठेवून अर्ज करू नका.

कागदांचं म्हणाल तर सेतू केंद्रातल्या माणसाने तुम्हाला चुकीचं सांगितलं. नॉन-क्रीमी लेयर, म्हणजे मागास प्रवर्गातल्या सधन गटात तुम्ही मोडत नाही हे, ठरतं ते उमेदवाराच्या आई-वडिलांच्या स्थितीवरून. नवऱ्याचं उत्पन्न त्यात धरत नाहीत, आणि केंद्र सरकारने २००४ च्या स्पष्टीकरणात हे स्वच्छ सांगितलं आहे. वडील शेतकरी असतील तर शेतीचं उत्पन्नही आठ लाखांच्या मर्यादेत मोजत नाहीत. तेव्हा स्लिप देऊ नका, वडिलांचे कागद द्या. तरीही अडवलं तर तहसीलदारांच्या नावे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. तोंडी वाद घालून काउंटरवरचा माणूस बदलत नाही.

जातीचा दाखला माहेरच्या नावाने आहे, हे योग्यच आहे. जात जन्माने येते, लग्नाने बदलत नाही. अर्ज दहावीच्या प्रमाणपत्रावरच्या नावानेच भरा आणि सासरच्या नावाचा दुवा म्हणून विवाह नोंदणीचा दाखला जोडा. आधार सासरच्या नावाने असेल तर नावबदलाचं राजपत्रही हाताशी असू द्या. जात वैधता प्रमाणपत्र अजून काढलं नसेल तर त्याच्या मागे आजच लागा. त्याला वेळ लागतो. जाता जाता आणखी एक : पतीच्या युनिटने लग्नाची नोंद 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये, म्हणजे जवानाच्या सेवेच्या आणि कुटुंबाच्या नोंदींच्या कागदात, केली असेल. त्यात तुमचं नाव आणि जन्मतारीख नेमकी कशी लिहिली आहे ते त्यांना बघायला सांगा. तिथलं स्पेलिंग आणि तुमच्या कागदांवरचं नाव जुळत नसेल तर आताच दुरुस्त करून घ्या. भरतीशी याचा संबंध नाही, पण उद्या पेन्शनच्या कागदांत हीच एक चूक बायकांना वर्षानुवर्षं रेकॉर्ड ऑफिसचे उंबरे झिजवायला लावते. आणि विषय निघालाच आहे म्हणून सांगते : तुम्ही स्वतः कमावत्या झालात तरी पत्नी म्हणून त्यांच्या कुटुंब निवृत्तिवेतनावरचा तुमचा हक्क जात नाही.

आता तुमच्या पतीचा प्रश्न, एका ठिकाणी राहण्याचा. त्यांना स्पष्ट सांगा : असा कायदेशीर हक्क नाही. पती-पत्नीला शक्यतो एकाच ठिकाणी ठेवावं, अशी केंद्र सरकारची २००९ ची सूचना आहे, पण ती नागरी कर्मचाऱ्यांसाठी आहे. शिवाय अशा सूचना न्यायालयातून बजावून घेता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ आणि १९९३ च्या निकालांत सांगून ठेवलं आहे. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने बदलीचं धोरण आखताना सरकारने कौटुंबिक जीवनाचा विचार करायला हवा असं म्हटलं, ते स्वागतार्ह आहे. पण तेवढ्याने तुमच्या हातात बदलीचा आदेश पडत नाही. तुमचे पती अनुकंपा कारणावर पोस्टिंगची विनंती करू शकतात, तीही विनंतीच.

तुमच्या बाजूने बघितलं तर पोलीस शिपायाची भरती जिल्हा किंवा आयुक्तालयाच्या आस्थापनेवर होते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २२-न प्रमाणे शिपायाचा एका ठिकाणचा सर्वसाधारण कार्यकाळ पाच वर्षांचा. जिल्ह्याबाहेर बदली हवी असेल तर ती विनंती बदली ठरते आणि नव्या जिल्ह्यात तुमचं नाव ज्येष्ठतेच्या यादीत तळाला जातं. बंदोबस्तासाठी मात्र कलम २८ प्रमाणे राज्यात कुठेही पाठवता येतं, कारण पोलीस कर्मचारी रजेवर किंवा निलंबित नसेल तर सदैव कर्तव्यावर आहे, असंच कायदा मानतो.

म्हणून माझ्या मते तुमचा खरा निर्णय अर्जातल्या जिल्ह्याच्या रकान्यात आहे. एका पदासाठी एकाच घटकात (म्हणजे एकाच जिल्ह्यात किंवा आयुक्तालयात) अर्ज करता येतो. दोन ठिकाणी भरलात तर दोन्हीकडून जाल. बरेच उमेदवार जागा कुठे जास्त आणि मेरिट कुठे खाली लागेल, एवढंच बघून जिल्हा निवडतात. अविवाहित मुलीने तसं केलं तर समजू शकते. तुमच्या पतीचं ठिकाण दर दोन-तीन वर्षांनी बदलणार, त्यांच्या मागे जिल्हा निवडण्यात अर्थ नाही. रात्रपाळीला मुलाला कोण सांभाळणार, ते माणूस ज्या जिल्ह्यात आहे तो जिल्हा निवडा. ते माणूस सासरी असेल तर सातारा, माहेरी असेल तर माहेरचा जिल्हा. जॉइन झाल्यावर बालसंगोपन रजा आहे, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, पण संपूर्ण सेवेत मिळून १८० दिवस, आणि तीही अधिकाऱ्याने मंजूर केली तर. तिच्या भरवशावर घर चालत नाही. आणि पतींना हेही सांगून ठेवा की गणपतीला सुट्टी काढून ते घरी येतील तेव्हा तुम्ही हमखास बंदोबस्ताला असाल. त्यांची वार्षिक रजा दिवाळीनंतरच्या महिन्यांत बसवलेली बरी.

राहिली एनसी. इथे मैत्रिणीचा सल्ला तुमची नोकरी घालवू शकतो, म्हणून सावकाश वाचा. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्यात तपासही करू शकत नाहीत. नुसत्या नोंदीने तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. बांधाच्या भांडणातल्या अशा नोंदीवरून कुणाची निवड सहसा जात नाही. ती जाते लपवल्यामुळे. निवड झाल्यावर तुम्हाला साक्षांकन नमुना (स्वतःच्या पूर्वचारित्र्याची माहिती देणारा फॉर्म) भरावा लागतो आणि तो पडताळायला तुमच्याच पोलीस ठाण्याकडे जातो, जिथे ती एनसी नोंदवहीत आहे. 'कोण बघतंय' याचं उत्तर एवढंच.

अवतार सिंग प्रकरणात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने यावरचे निकष एकत्र मांडले. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. किरकोळ प्रकरण लपवलं असेल तर नियोक्ता ते माफ करू शकतो, पण करायलाच हवं असं नाही. आणि खरं सांगितलं तरी पूर्वचारित्र्य तपासण्याचा नियोक्त्याचा अधिकार कायम राहतो. पोलीस खात्यासाठी न्यायालयं ही फूटपट्टी आणखी कडक लावतात. म्हणजे लिहिल्यावर थोडा धोका राहतो, पण न लिहिल्यावरचा धोका कितीतरी मोठा आहे. शिवाय तो नोकरी लागल्यावर, प्रशिक्षण झाल्यावर, कधीही उगवू शकतो.

करायचं ते असं. पोलीस ठाण्यात अर्ज देऊन एनसीची प्रत घ्या. त्याच वेळी विचारा की तुमच्यावर चॅप्टर केस झाली आहे का. भाऊबंदकीच्या भांडणात पोलीस बऱ्याचदा दोन्ही बाजूंवर प्रतिबंधक कारवाई करतात (जुनं कलम १०७, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १२६), तहसील कार्यालयात कुठल्यातरी कागदावर सही घेतली जाते आणि घरच्यांना वाटतं समज देऊन सोडलं. तुम्ही अशी सही केली असेल तर त्या प्रकरणाचा क्रमांक आणि आदेशही मिळवा. मग अर्ज आणि साक्षांकन नमुना यांतले प्रश्न शब्द न् शब्द वाचा, कारण अटक, दोषारोप, प्रलंबित प्रकरण हे वेगवेगळे प्रश्न असतात. एनसी असताना 'अटक झाली होती' असं लिहिणंही चूकच. अटक नाही, खटला नाही, अमुक तारखेची अमुक क्रमांकाची अदखलपात्र नोंद आहे, कारण शेतीचा वाद : एवढं लिहून प्रत जोडा. रकाना पुरला नाही तर वेगळ्या कागदावर लिहा. चुलत सासऱ्यांशी तडजोड झाली तर उत्तम, तिचा कागद जोडा. पण तडजोड झाली म्हणून नोंद पुसली गेली असं समजून रकाना कोरा सोडू नका. आणि तक्रार मागे घ्या म्हणून त्यांच्यावर दबाव आणायला कुणाला पाठवू नका. त्यातून खरोखरचा दखलपात्र गुन्हा दाखल व्हायचा.

बांधाचा वाद दिवाणी न्यायालयात गेलाच तर पतींसाठी भारतीय सैनिक (दावे) अधिनियम, १९२५ आहे. ते विशेष परिस्थितीत सेवेवर असतील आणि तसं प्रमाणपत्र न्यायालयात आलं, तर त्यांच्या गैरहजेरीत दावा पुढे न रेटता न्यायालय तो स्थगित ठेवतं. हे संरक्षण सैनिकापुरतंच आहे. दाव्यात तुमचंही नाव असेल तर तुम्हाला प्रत्येक तारखेला स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहावं लागेल, मग तुम्ही प्रशिक्षण केंद्रात असा नाहीतर बंदोबस्तावर. म्हणून प्रशिक्षणाला निघण्याआधीच वकीलपत्रावर सही करून ठेवा.