लिगामेंट शिवून का टाकत नाहीत?

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे, हँडबॉल खेळते. महिन्यापूर्वी उडी मारून खाली येताना तिचा गुडघा आत वळला, ‘टक्’ असा आवाज आला आणि तासाभरात गुडघा टम्म सुजला. एक्स-रे नॉर्मल आला. एमआरआयमध्ये मात्र गुडघ्याच्या मधलं एसीएल हे लिगामेंट पूर्ण तुटलेलं आणि आतल्या बाजूचं एमसीएल अर्धवट फाटलेलं दिसलं. डॉक्टर म्हणतात, एमसीएलला नुसता ब्रेस पुरे, एसीएलचं ऑपरेशन करू. पण तेही सूज उतरून गुडघा सरळ झाल्यावर. शिवाय तुटलेलं शिवणार नाहीत, मांडीच्या मागची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून नवीन लिगामेंट बसवणार. एकाच गुडघ्यात दोन लिगामेंटना दोन न्याय का? आणि पाच महिन्यांनी तिची स्पर्धा आहे, तिला खेळता येईल का?

उत्तर : ताई, तुमच्या डॉक्टरांचा सल्ला योग्यच आहे. त्यामागचं कारण मी सविस्तर सांगते. ते तुमच्या लेकीलाही वाचायला द्या, कारण पुढचे कितीतरी महिने व्यायाम तिलाच करायचा आहे.

लिगामेंट म्हणजे हाडाला हाड बांधणारी पट्टी. ही दोन्ही एकाच मालाची, कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंची. फरक आहे तो जागेचा. एमसीएल ही गुडघ्याच्या आतल्या बाजूला, पण सांध्याच्या पोकळीबाहेर बसलेली रुंद, चपटी पट्टी. आजूबाजूला मांसल भाग, रक्तपुरवठा चांगला. ती फाटली की रक्त तिथल्या तिथे साकळतं, त्या गुठळीत पेशी शिरतात आणि नवे तंतू विणले जातात. अर्धवट फाटलेलं एमसीएल बहुतेक वेळा काही आठवड्यांत असंच जुळून येतं.

एसीएल सांध्याच्या अगदी मध्यभागी असतं. मांडीच्या हाडापासून निघून तिरपं खाली-पुढे येऊन ते नडगीच्या हाडाला चिकटतं. लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर, पण नडगीला पुढे सरकू न देण्याचं आणि गुडघ्याला पीळ बसू न देण्याचं काम त्याचंच. ते सांध्यातल्या वंगणाने वेढलेलं असतं. तुटलं की रक्त त्या द्रवात पसरतं, दोन टोकांच्या मध्ये गुठळी टिकतच नाही. तासाभरात आलेली ती सूज म्हणजे बहुतांशी हेच रक्त. सांध्यात घातलेल्या दुर्बिणीतून पाहताना मला ही टोकं स्पष्ट दिसतात : ताज्या जखमेत ती झिजलेल्या कुंच्यासारखी विस्कटलेली असतात, काही आठवड्यांनी त्यांच्यावर गुळगुळीत पातळ पापुद्रा चढतो. कधी तर तुटका खुंट खाली पडून मागच्या लिगामेंटला जाऊन चिकटलेला असतो. मग शिवायचं कशाला?

शिवून पाहिलं नाही असं नाही. इंग्लंडमध्ये लीड्सच्या मेयो रॉबसन यांनी १८९५ साली एका खाणकामगाराची दोन्ही क्रूशिएट लिगामेंट (एसीएल आणि त्याच्या मागचं लिगामेंट) शिवली आणि तो पुन्हा कामावर गेला. पुढे ही पद्धत बरीच वापरली गेली. पण अमेरिकी लष्करी कॅडेटांच्या शिवलेल्या गुडघ्यांचा पाच वर्षांचा आढावा १९७६ मध्ये छापून आला, तेव्हा सुरुवातीला छान वाटलेल्यांपैकी बहुतेकांचे गुडघे डळमळीत झाले होते. तेव्हापासून कंडरा बसवण्याकडे कल वाढला. आता बोस्टनच्या मार्था मरे यांनी टोकांच्या मध्ये रुग्णाच्याच रक्तात भिजवलेला कोलॅजनचा स्पंज ठेवण्याची पद्धत काढली आहे. म्हणजे जी गुठळी टिकत नाही, तिला टिकायला जागा द्यायची. अमेरिकेत तिला डिसेंबर २०२० मध्ये मान्यता मिळाली. मला या कामाबद्दल फार आशा आहे, पण सर्वत्र चालणारी, दीर्घकाळ पारखलेली पद्धत अजून कंडरेचीच.

मांडीमागची कंडरा, वाटीखालची की वाटीवरची, हे सर्जनच्या हाताच्या सवयीवरही ठरतं. वाटीखालची घेतली तर पुढे गुडघे टेकून बसताना दुखू शकतं, मांडीमागची घेतली तर गुडघा वाकवण्याची ताकद थोडी कमी पडते. हे आधीच विचारून घ्या.

ऑपरेशन प्रत्येकाला लागतंच असंही नाही. स्वीडनमधल्या १२१ तरुणांच्या चाचणीत (२०१०) अर्ध्यांचं लगेच ऑपरेशन केलं, बाकीच्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन असं ठरलं. दोन वर्षांनी दोन्ही गटांचा त्रास सारखाच निघाला आणि दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणांना तोवर ऑपरेशन लागलं नव्हतं. नुसतं चालणं, सायकल, पोहणं असतं तर मी तुम्हालाही थांबून बघा म्हटलं असतं. पण हँडबॉलमध्ये पावलागणिक वळण आणि उडी. त्यात गुडघा वारंवार निसटला तर दोन हाडांमधली मेनिस्कसची गादी फाटते, आणि ते नुकसान मोठं.

आता थांबण्याबद्दल. सुजलेल्या गुडघ्यात मांडीचा पुढचा स्नायू काम करणं सोडून देतो. अशा ताठर गुडघ्यावर शस्त्रक्रिया केली तर तो कायमचा आखडायची भीती असते. म्हणून आत्ताच सुरू करा : टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा अधांतरी, आणि मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा. वाटीच्या वर आतल्या बाजूला स्नायू टणक लागतो का, हे तिने बोटांनी चाचपून पाहावं. झोपताना गुडघ्याखाली उशी अजिबात नको. बरं वाटतं, पण गुडघा वाकडाच राहतो.

स्पर्धेचं उत्तर मात्र ‘नाही’. बसवलेली कंडरा सुरुवातीला रक्ताविना असते, तिच्यात हळूहळू रक्तवाहिन्या शिरतात, जुने तंतू विरघळतात, नवे येतात. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ती सर्वांत कमजोर असते, आणि नेमकं तेव्हाच सूज गेलेली, चाल सुधारलेली, पोरीला पळावंसं वाटतं. नॉर्वेतल्या एका अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितके महिने लांबवला, तितक्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापतीचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलं. नऊ महिने हा किमान हिशेब धरा. त्यानंतरही फिजिओकडून मांडीची ताकद मोजून घ्या आणि एका पायावर लांब उडी मारायला लावा. दुखऱ्या पायाचा आकडा चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांच्या खाली असेल, तर मैदानावर पाठवू नका.