मोठ्या पवनचक्कीचा मॉड्युलर टॉवर म्हणजे नुसते तुकडे करून बोल्ट मारणं का?

तुम्ही विचारलंय की मेकॅनिकलच्या लास्ट इयरला आहे, मोठ्या पवनचक्कीसाठी मॉड्युलर टॉवर, म्हणजे सुटे भाग आणून साइटवर जोडायचा टॉवर, हा प्रोजेक्ट घ्यायचाय, पण गाईड म्हणतात त्यात डिझाइन काय आहे, कापायचं आणि बोल्ट मारायचे. मी बरीच वर्षं इरेक्शनमध्ये, म्हणजे पवनचक्क्या उभ्या करण्याच्या कामात काढलीत, आधी धुळे-सांगलीकडे आणि नंतर कच्छमध्ये, त्यामुळे साइटवर जे बघितलं त्यावरून सांगतो. गाईड अर्धे बरोबर आहेत. कापणं खरंच सोपं आहे, बोल्ट मारणं नाही.

आधी कापावं का लागतं ते बघा. नेहमीचा टॉवर म्हणजे जाड प्लेट वाकवून केलेली नळकांडी, एकावर एक ठेवायची आणि आतल्या बाजूने फ्लँजला, म्हणजे नळकांड्याच्या तोंडाशी असलेल्या जाड कड्याला, बोल्ट. टॉवरची वाकण्याविरुद्धची ताकद प्लेटच्या जाडीच्या सरळ प्रमाणात वाढते पण व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणजे रुंद टॉवर केव्हाही फायद्याचा. पण तो ट्रेलरवर आडवा टाकून न्यायचाय, वाटेत रेल्वेचा पूल आहे, तारा आहेत, गावाची कमान आहे. त्यामुळे खालचा व्यास ४.३-४.५ मीटरच्या आसपास अडकून बसतो. साताऱ्याकडच्या वनकुसवडेच्या पठारावर पंचवीसेक वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या मशिना आजच्या मानाने लहान, त्यांना हे कधी नडलं नाही. हब, म्हणजे पाती जिथे जोडतात तो मधला भाग, १२०-१४० मीटरवर न्यायचं म्हटलं की मात्र रुंदी वाढवता येत नाही म्हणून जाडी वाढवत बसायचं, आणि पैसा सगळा पोलादात.

कागदावर करून बघा, ४.३ च्या जागी ६.५ मीटर व्यास घेतला तर तेवढ्याच जाडीत ताकद सव्वादोनपटीच्या वर जाते, किंवा तेवढ्याच ताकदीला पोलाद एक तृतीयांश कमी लागतं. अर्थात पातळ पत्रा पिचकतो, त्यामुळे पूर्ण फायदा पदरात पडत नाही, पण पडतो तोही थोडाथोडका नाही.

मग प्रत्येकाने आपापली वाट काढली. डेन्मार्कच्या वेस्टास कंपनीने खालचं नळकांडं उभं चिरून तीन फाका केल्या, सपाट ट्रेलरवर आणायच्या आणि साइटवर जोडून परत गोल करायचं. जर्मनीत माक्स ब्योगल कंपनीने खाली काँक्रीटच्या रिंगा आणि वर स्टील असं केलं, गाइलडोर्फला २०१७ मध्ये त्यांनी हब १७८ मीटरवर नेलं. स्वीडनमध्ये मोडव्हिऑन कंपनीने तर २०२३ ला स्कारा गावाजवळ १०५ मीटरचा लाकडी टॉवर उभा केला, लाकडाच्या पातळ थरांचे वाकवलेले तुकडे साइटवर गोंदाने चिकटवून! आणि आपल्या पुण्याच्या सुझलॉनने खाली विजेच्या मनोऱ्यासारखा जाळीचा, वर नळीचा असा हायब्रिड घेतला, २०१४ मध्ये कच्छात ९७ मीटर रोटरची मशीन १२० मीटरवर बसवली. मला विचाराल तर आपल्याकडे हाच बरा, कारण जाळीचे अँगल साध्या ट्रकमधून येतात, घाटात ओडीसीची (नेहमीपेक्षा मोठ्या आकाराच्या मालाची) परवानगी आणि पुढे पायलट गाडी ही भानगड निदान त्या भागापुरती तरी नाही.

आता खरी गोष्ट. ट्रान्सपोर्टमध्ये जे वाचवलं ते जॉइंटमध्ये द्यावं लागतं. रोटर मिनिटाला १० फेऱ्या जरी धरला आणि सतत फिरतोय समजलं तर २० वर्षांत दहा कोटींच्या वर फेऱ्या होतात आणि दर फेरीला तीन पाती टॉवरसमोरून जातात, म्हणजे तीस कोटी वेळा हलका धक्का. एवढ्याने बोल्ट थकून तुटायलाच हवा. तुटत नाही कारण तो आधीच प्रचंड ताणून बसवलेला असतो, दोन्ही फ्लँज एकमेकींवर इतक्या दाबलेल्या असतात की बाहेरून आलेल्या कमी-जास्त लोडचा थोडाच भाग बोल्टवर येतो आणि बाकीचा फ्लँज खातात. ताण सैल झाला की हे गणितच मोडलं, म्हणून मशीन चालू झाल्यावर काहीशे तासांनी परत येऊन टॉर्क, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळलाय ते, तपासायचा असतो. नळीच्या टॉवरला हे चार-पाच फ्लँजवर भागतं, जाळीला हजारो नटबोल्ट, तेही उन्हात लटकून. हा जाळीचा तोटा, लपवण्यात अर्थ नाही.

एका लोकेशनवर आमच्याच टीमकडून फ्लँजचे वॉशर उलटे बसले होते. त्या वॉशरला आतून तिरका काठ असतो, तो बोल्टच्या डोक्याकडे आणि नटाकडेच हवा. टॉर्क मारून झाल्यावर एकाच्या लक्षात आलं. १०.९ ग्रेडचा, म्हणजे जास्त ताकदीचा बोल्ट एकदा पूर्ण ताणला की परत वापरत नाहीत, म्हणून सगळे काढून भंगारात आणि नवीन येईपर्यंत क्रेन भाड्याने नुसती उभी. वर वारा पडायची वाट बघत रात्री जागायचं ते वेगळंच, वाऱ्याच्याच धंद्यात वारा नको म्हणून नवस करणारे आम्हीच असू.

पात्याचेही असे तुकडे करायचे म्हणाल तर तिथे मी जरा साशंक आहे. जीईच्या सायप्रस मशीनला दोन तुकड्यांचं पातं आहे, त्याआधी एनरकॉननेही केलंय, म्हणजे होतं. पण पात्यात जोड म्हणजे फायबरमध्ये धातू घालायचा, वजन वाढतं, आणि ते वाढलेलं वजन स्वतःच दर फेरीला खाली-वर होत मुळाशी हिसके देत राहतं. समुद्रातल्या मशिनांना ही डोकेदुखी नाही, वेस्टासचं १५ मेगावॉटवाल्याचं ११५.५ मीटरचं पातं एकसंध आहे, कारखाना बंदराजवळ असला की जहाजाला कुठला घाट आणि कुठली कमान.

तेव्हा प्रोजेक्ट घ्याच, पण पूर्ण टॉवर काढत बसू नका, गाईड तिथेच पकडतील. एक उभा जॉइंट घ्या, फाकांमधला. बोल्टचा ताण १०, २०, ३० टक्क्यांनी कमी केला तर त्याच्यावरचा लोड किती वाढतो ते काढा, आणि एक फाक दोन मिलिमीटर वाकडी आली तर काय होतं तेही, कारण साइटवर ती तशीच येते. आणि सुरुवातीचा व्यास पुस्तकातून उचलू नका, कॉलेजजवळच्या रेल्वे पुलाखालची उंची टेप लावून मोजा, त्यातून ट्रेलरची उंची वजा करा.