नवरा नसलेल्या बाईने मंडळीत कोणाच्या अधीन राहायचं?

तुम्ही विचारलंय, लग्न झालेली स्त्री नवऱ्याच्या अधीन, मग अविवाहित स्त्री मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, सगळ्याच पुरुषांच्या अधीन का, आणि तिथे तिचं काम काय? पहिल्याचं उत्तर: नाही. बायबलात इफिस ५:२२ मध्ये 'आपापल्या पतीच्या' म्हटलंय. आपापल्या. शेजारणीच्या नव्हे.

मी ४६ वर्षांची, अविवाहित. संडे स्कूल वर्षानुवर्षं शिकवलं, मग बायकांचा बायबल अभ्यास माझ्याकडे आला. हळूहळू दोघी-तिघींचे नवरेही येऊन बसू लागले आणि वडीलमंडळाच्या बैठकीत विषय निघाला, "ताईंवर छत्र कोणाचं?" मराठीत बापालाही वडील आणि मंडळीच्या कारभाऱ्यालाही वडील, त्यातून हा घोळ होत असावा. माझे वडील वारले होते. समोर बसलेले पाच वडील माझे बाप नव्हते.

शेवटी ठरलं, शिकवायचं मीच, पण खोलीत एक वडील हजर हवेत. नेमलं कोणाला? नुकत्याच निवडून आलेल्या २९ वर्षांच्या मुलाला. तो नऊ वर्षांचा असताना नोहाच्या तारवात कागदी हत्ती मीच त्याच्याकडून चिकटवून घेतले होते. बिचारा मागच्या खुर्चीत बसायचा आणि वचन सापडलं नाही की हळूच विचारायचा, "टीचर, कितवा अध्याय?" हे माझं छत्र!

त्याच बैठकीत मी रोम १६ मधल्या फिबीचं नाव काढलं होतं, प्रेषित पौल जिला मंडळीची सेविका म्हणतो ती. ज्येष्ठ वडील म्हणाले, "ती सेविका. म्हणजे मदतनीस." मी गप्प बसले. उत्तर सुचलं ते घरी आल्यावर. मूळ ग्रीक शब्द दियाकोनोस, आणि १ करिंथ ३:५ मध्ये पौल स्वतःला आणि अपुल्लोस या दुसऱ्या प्रचारकाला तोच शब्द लावतो. तिथे कोणी मदतनीस म्हणत नाही! प्रेषितांची कृत्ये २१:९ मध्ये सुवार्तिक फिलिप्पाच्या चार कुमारिका मुली देवाचा संदेश देतात, त्यांना कोणी लग्नाचं विचारत नाही. १ करिंथ ७ मध्ये तर अविवाहितेला प्रभूच्या कामाची मोकळीक जास्त असं पौलच म्हणतो. आणि पंडिता रमाबाई? विधवा बाई, १८८३ मध्ये बाप्तिस्मा, पुढे मूळ भाषांवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्यांच्यामागे खुर्ची टाकून कोण बसलं होतं?

कामाचं म्हणाल तर शिकवणं, भेटी, हिशेब, जे जमतं ते घ्या, पण बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. तोंडी दिलेली जबाबदारी तोंडीच काढून घेतात. आणि 'तुम्हाला संसार नाही, वेळच वेळ' म्हणत दर रविवारी खुर्च्या लावायला सांगितलं, तर ज्यांना संसार आहे त्यांनाही दोन खुर्च्या उचलायला सांगा.

हो, स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये म्हणणारं १ तीमथ्य २:१२ मलाही माहीत आहे आणि ते मी खोडत नाही. पाळकपद मी मागितलेलं नाही. इब्री १३:१७ प्रमाणे पुढाऱ्यांचं ऐकायचंच, पण ते पुरुषांनाही लागू आहे. कॅथलिक सिस्टरांचं वेगळं, त्यांनी आज्ञापालनाचं व्रत घेतलेलं असतं, त्यावर मी बोलणार नाही. आमचे आताचे पाळकही भले आहेत, त्यांनी ती मागची खुर्ची काढली.

ते ज्येष्ठ वडील अजून उपासनेनंतर दारात भेटतात. हात जोडतात, मीही जोडते. फिबीचा विषय दोघंही काढत नाही.