एका लॉटचा दर सगळ्या लॉटना का लागतो?

प्रश्न : मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानासाठी पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत वेबसाइट करतो आहे. ‘सौदा’ क्लासमध्ये (ऑब्जेक्टच्या साच्यात) दर, पोती आणि लॉट क्रमांक तिन्ही स्टॅटिक ठेवले. तिसऱ्या लॉटचा दर भरला की आधीच्या दोन्ही लॉटना तोच लागतो. शिवाय लॉट क्रमांक प्रत्येक वेळी १ च येतो. काय चुकलं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : स्टॅटिक प्रॉपर्टी क्लासच्या नावावर एकदाच साठते. ‘न्यू’ लिहून शंभर ऑब्जेक्ट केले तरी दर एकच, म्हणून शेवटी भरलेला सगळ्यांना दिसतो. दर आणि पोती ज्या-त्या लॉटची असतात, तेव्हा त्यांच्यापुढचा स्टॅटिक काढा, किमती (व्हॅल्यू) कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या मेथडमध्ये, भरा आणि क्लासच्या आत ‘सेल्फ::$दर’ आहे तिथं ‘$धिस->दर’ करा. बाणानंतर डॉलर चिन्ह लावायचं नाही. बदल करताना तेच हमखास राहून जातं, आणि मग पीएचपी ‘$दर’ या व्हेरिएबलमधल्या किमतीलाच प्रॉपर्टीचं नाव समजतं.

लॉट क्रमांकाचं कारण वेगळं आहे. नेहमीच्या वेब सर्व्हरवर प्रत्येक रिक्वेस्ट संपली की स्टॅटिक किमतीही पुसल्या जातात. सेशनचाही (एका ब्राउझरपुरत्या साठ्याचाही) उपयोग नाही, कारण शेजारच्या काँप्युटरवरच्या दिवाणजींचं सेशन निराळं. क्रमांक डेटाबेसलाच देऊ द्या : मायएसक्यूएलमध्ये त्या कॉलमला ऑटो इन्क्रिमेंट (आपोआप वाढणारा क्रमांक) लावा आणि नोंद झाल्यावर पीडीओच्या (पीएचपीतून डेटाबेसशी बोलणाऱ्या भागाच्या) लास्ट इन्सर्ट आयडीनं तो परत घ्या. सर्वांत मोठा क्रमांक शोधून त्यात १ मिळवू नका. दोघांनी एकाच क्षणी नोंद केली तर दोघांनाही तोच मिळेल. ऑटो इन्क्रिमेंटमध्ये फसलेल्या नोंदीचा क्रमांक गळतो. पट्टीवर (सौद्याच्या हिशेबाच्या कागदावर) सलग क्रमांकच हवे असतील, तर वेगळ्या टेबलातली आकड्याची ओळ ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होतं किंवा काहीच होत नाही अशा व्यवहारात) लॉक करून वाढवा.

अडतीचा टक्का सगळ्यांना सारखाच म्हणून स्टॅटिक ठेवावासा वाटेल. तसं करू नका. उद्या टक्का बदलला तर जुन्या पट्ट्याही नव्या टक्क्यानं छापल्या जातील. तो प्रत्येक सौद्यासोबत साठवा. क्विंटलचे १०० किलो मात्र कधी बदलत नाहीत. ते कॉन्स्ट (न बदलणारी व्हॅल्यू) करा.

किलोचे क्विंटल करणाऱ्या मेथडला ऑब्जेक्टमधलं काही लागत नाही, तिला स्टॅटिक शोभतं. पण तिच्या आत ‘$धिस’ आलं की एरर. उलट, साधी (स्टॅटिक नसलेली) मेथड क्लासच्या नावानं बोलावली तर पीएचपी ७ मध्ये नुसती सूचना येऊन काम चालून जाई. ८ पासून पान तिथंच थांबतं. जुना कोड नव्या सर्व्हरवर चढवण्याआधी अशा जागा शोधून दुरुस्त करा.