निलगिरी इथे आहे, मग कोआला कुठेय?

प्रश्न: ताई, माझी मुलगी साडेपाच वर्षांची, सिनियर केजीत आहे. शाळेत सध्या जगातले प्राणी चाललेत, तिच्या वाट्याला कोआला आलाय. दोन मिनिटं बोलायचं आणि त्याचं घर बनवून न्यायचं. मी नेटवरून पाच ओळी काढून पाठ करून घेतल्या, 'कोआला हे ऑस्ट्रेलियातले गोंडस अस्वल आहे' वगैरे. तर ती म्हणते, आजी सर्दीला निलगिरी लावते ना, मग आपल्याकडे निलगिरी आहे तर कोआला का नाही? मला काही सुचलंच नाही. त्यात तिच्या बाबाने तिला वणव्यात होरपळलेल्या कोआलाचा व्हिडिओ दाखवला, आता रोज झोपताना विचारते, त्याची आई कुठे गेली? एवढ्या लहान मुलीला हे सगळं सांगायचं कसं? – एक आई, मुलुंड

उत्तर: अगं, आधी त्या पाच ओळी पुसून टाक, पहिलीच चुकलीय. कोआला अस्वल नाहीच, तो कांगारूच्या नात्यातला पिशवीवाला प्राणी आणि त्याचा सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे जमिनीत बिळं खणणारा वॉम्बॅट. आणि लेकीचा प्रश्न मात्र फर्स्ट क्लास आहे, शाळेत दोन मिनिटं त्याच्यावरच बोलू दे.

निलगिरी मुळात ऑस्ट्रेलियाची. इंग्रजांनी १८४० च्या दशकात ती तिकडून आणून दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरात सरपणासाठी लावली, डोंगराचं नाव झाडाला चिकटलं आणि आपल्याला वाटायला लागलं की झाड आपलंच. म्हणजे झाड बोटीतून आलं, कोआला तिकडेच राहिला. बरं, आणला असता तरी उपाशीच राहिला असता बहुतेक, कारण निलगिरीच्या ७०० च्या वर जाती आहेत आणि एका भागातला कोआला त्यातल्या मोजक्याच खातो, तेही पान आधी हुंगून. आपल्या घरात नाही का, भेंडी चालते पण ती कापून परतलेलीच, रस्सा केला की ताट सरकवतात, तसं.

आता गंमत. मी बालवाडीत शिकवत होते तेव्हा कोआलाचं चित्र सगळ्यात शेवटी काढायचे. आधी प्रत्येकाच्या तळहातावर एक राजमा ठेवायचा, भिजवलेला नाही, कोरडा. हे कोआलाचं बाळ, जन्मलं तेव्हा एवढं. जेमतेम २ सेंटिमीटर, वजन १ ग्रॅमच्याही आत, डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत, आणि हे एवढंसं पिल्लू स्वतः चढत चढत आईच्या पिशवीत जातं आणि तिथे सहाएक महिने राहतं. एकदा एका पोराने मूठ इतकी घट्ट आवळली की तास संपला तरी राजमा परत देईना, म्हणे त्याला थंडी वाजेल. पिशवी कांगारूसारखी वर उघडत नाही, खालच्या बाजूला उघडते, मग बाळ पडत कसं नाही हे मुलं विचारतातच. तिथे स्नायू असतात, आई ते आवळून धरते. परकराची नाडी ओढून दाखव, लगेच कळतं.

आणि शी ची गोष्ट गाळू नकोस, मोठ्यांनाच लाज वाटते, मुलांना नाही. निलगिरीचं पान विषारी असतं, ते पचवायला पोटात खास जंतू लागतात आणि ते बाळाच्या पोटात नसतात, म्हणून पिशवीतून बाहेर येण्याच्या सुमारास आई त्याला स्वतःची एक मऊ, पातळ शी खायला देते. पोरं ईईई करून लोळतात. मग विचारायचं, आपण दुधात काय घालतो दही लागायला? विरजण! झालं, ते आईचं विरजण. मी इतकी वर्षं शिकवलं पण याच्याहून सोपं काही मला सापडलं नाही.

कोआला १८ ते २० तास झोपतो म्हणून त्याला आळशी म्हणायची पद्धत आहे, ते मला अजिबात आवडत नाही. पानांत ताकद कमी, विष जास्त. दिवसाला अर्धा ते एक किलो पाला, म्हणजे मेथीच्या दोन-तीन जुड्या समज, आणि तो जिरवायला आतड्याला जोडलेली जवळजवळ २ मीटरची बंद नळी, तुझी ओढणी साधारण तेवढीच असेल, ती हॉलमध्ये पसरून दाखव. एवढं काम पोटात चालू असताना माणूस पण आडवाच होईल की.

घर बनवायचं तर एकच झाड बनवू नका, तिथेच सगळ्यांची गफलत होते. कोआलाला एका झाडावर भागत नाही, या झाडावरून त्या झाडावर जावं लागतं, मधली झाडं तोडून रस्ता झाला की जमिनीवर उतरून चालावं लागतं आणि मग गाड्या आणि कुत्रे. हे सांगून कळत नाही, खेळून कळतं. आपलं डोंगर का पाणी आहे ना, तेच गच्चीवर 'झाड का रस्ता' म्हणून खेळा. वर्तमानपत्राचे कागद ही झाडं, बाकी सगळा रस्ता, ज्याच्यावर राज्य तो गाडी. दर डावाला दोन कागद उचलायचे. चौथ्या डावात मुलं आपणहून भांडायला लागतात की झाडं परत ठेवा.

राहिला वणवा. सहा वर्षांच्या आत असले व्हिडिओ दाखवू नयेत हे माझं स्पष्ट मत, बाबांना सांग. पण आता पाहिलाच आहे तर 'काही झालं नाही बाळा' असं खोटं पण नको. २०१९-२० च्या उन्हाळ्यात तिकडे मोठी आग लागली, पुष्कळ कोआला मेले, पुष्कळांना लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं, पंजांना मलमपट्टी केली, हे दोन्ही सांग. त्याची आई कुठे गेली याला 'मला माहीत नाही' हेच उत्तर, आणि मग जवळ घेऊन झोप. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्समधले कोआला धोक्यात आहेत असं जाहीर केलं, ते ती तिसरी-चौथीत गेल्यावर बघू.

एक मात्र, वास दाखवायचा म्हणून निलगिरी तेलाची बाटली तिच्या हातात देऊ नकोस, पोटात गेलं तर मुलांना घातक असतं. रुमालावर एक थेंब, तोही लांबून.

प्रश्न: राणीच्या बागेत पेंग्विन आणले तसे कोआला का आणत नाहीत? नातू रोज विचारतो. – एक आजोबा, परळ

उत्तर: काका, पेंग्विनला एसी आणि मासे दिले की निदान सोय तरी होते. कोआलाला रोज ताजी पानं, तीही त्याला आवडेल त्याच जातीची, कोवळी, आणि काल खाल्ली ती आज खाईलच असं नाही. म्हणजे आधी निलगिरीची बागच लावायला लागेल आणि तेवढी जागा भायखळ्यात कोण देतंय! नातवाला तोपर्यंत बोरिवलीच्या नॅशनल पार्कात न्या, तिथे माकडं पानं खाताना दिसली की थांबा आणि कोणतं झाड सोडतात, कोणतं धरतात ते त्याला मोजू द्या. सकाळी लवकर जा, दहानंतर फार गर्दी होते.